पाठुंगळी

धनेशचा पाय मोडला तो कुत्र्याच्या खाण्यापायी.

कळंबच्या रस्त्याला आत, डोंगराच्या कुशीत बंगल्यांची एक वसाहत आहे. तिथल्या एका बंगल्यात त्याने भर पावसात कुत्र्याच्या खाण्याची जड गोणी वरपर्यंत नेऊन दिली, मोबाईलवर 'पोचले'चं बटण दाबलं आणि स्कूटर उताराला लावली. सिमेंटच्या उतारावर शेवाळ धरलेलं. ब्रेक दाबला मात्र, गाडी आडवी झाली ती थेट नडगीवर. गाडीखाली अडकून तो ओरडत होता, तेव्हा वरच्या गॅलरीतून बाईंनी विचारलं, "भैया, गोणी आतून भिजली नाहीये ना?"

धनेश हे सगळ्यांना हसत हसत सांगायचा. त्याची बायको हर्षला त्यावर एकदाही हसली नाही.

दवाखान्यात पायात सळई घातली. सासूच्या, धोंडूबाईच्या पाटल्या त्यात गेल्या. मग हर्षला दहिवलीच्या हबवर गेली. हब म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. पहाटे मुंबईकडून टेंपो येतो, पार्सलं उतरवतो आणि सात-आठ पोरं ती पिशव्यांत भरून चारी दिशांना पांगतात. तिथला मॅनेजर किरण. वयाने धनेशपेक्षा लहान, शर्ट नेहमी इस्त्रीचा, डोळे नेहमी झोपेला आलेले.

"विमा हाय ना तुमचा?" हर्षलाने विचारलं.

"आहे वहिनी. पण ट्रिप चालू असताना लागलं तर." किरणने नजर मोबाईलमध्येच ठेवली. "धनेशने 'पोचले' दाबलं आणि मग पडला. ट्रिप संपली होती."

"मग घरी काय उडत येणार व्हता?"

"मी काय करू? सिस्टिम आहे. तो नोकरीला नाही, भागीदार आहे कंपनीचा."

"भागीदार!" हर्षलाने तो शब्द तोंडात फिरवून पाहिला. "मग आमच्या भागातलं काय ते द्या की."

किरण पुन्हा मोबाईलमध्ये शिरला. ती निघाली तेव्हा मात्र तो दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, आठवडाभर आयडी बंद राहिला की कंपनी कायमचा काढते. नवीन आयडी दिवाळीपर्यंत देत नाहीयेत. कोणीतरी चालवा. कोण चालवतंय ते मी बघत नाही. फक्त तोंड धनेशचं लागेल."

तोंड लागेल म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. सकाळी काम सुरू करताना मोबाईल माणसाच्या तोंडाचा फोटो मागतो. पुढे दिवसभरात कधीही, कुठेही पुन्हा मागतो. थोडक्या वेळात तोंड दाखवलं नाही, तर त्या दिवसाचं काम बंद. आणि पार्सल त्याच मोबाईलने स्कॅन करायचं, म्हणजे मोबाईल एकीकडे आणि तोंड दुसरीकडे ठेवायची सोय नाही.

घरी येऊन तिने धनेशला सांगितलं. तो बराच वेळ प्लॅस्टरवर बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "म्हंजे मला पण न्यायला पायजे."

"न्यायला पायजे."

"या पायानं?"

"पाय माझे हायेत ना. तुमी नुसतं तोंड आणा."

*

गावचं घर कडावच्या पुढे. शेत होतं, पण वाट्याने दिलेलं. वर्षाचा तांदूळ तेवढा त्यातून सुटायचा. पोरीची शाळा आणि धनेशचं काम यापायी चौघं दहिवलीत एका खोलीत राहत होती. खोलीची मालकीण वाईट नव्हती, पण शेजारच्या चाळीतल्या खोल्या मालकाने रंगवून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायला काढल्यापासून तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता. "दोन रात्रीत तुमच्या महिन्याचं भाडं निघतंय त्यांचं," ती जाता-येता ऐकवायची. सगळं कर्जतच असं झालं होतं. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईच्या गाड्या चढू लागल्या की बाजारात टोमॅटोचा भाव बदलायचा. दूधवाला रिसॉर्टला पुरवून उरलं तर चाळीत यायचा. पेट्रोल तर सगळ्यांनाच सारखं. धनेशला मात्र दर पार्सलामागे चौदा रुपये, मग ते पार्सल पुढच्या गल्लीतलं असो नाहीतर डोंगरावरच्या बंगल्यातलं.

पहिल्या सकाळी हर्षलाने स्कूटरच्या बाजूला फळी बांधली, तिच्यावर जुन्या गोधडीची घडी ठेवली. धनेशला मागे बसवलं, प्लॅस्टरचा पाय फळीवर आडवा टेकवला आणि त्यावर खताची रिकामी पिशवी चढवून सुतळीने बांधली. पार्सलांची पिशवी त्याच्या पाठीवर, जड खोकी तिच्या दोन पायांमध्ये.

धोंडूबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. "मोडक्या पायाचा पोरगा गावभर मिरवतेस व्हय गं? लाज हाय का नाय?"

"आय, लाजेनं खोलीचं भाडं भरत नाय."

"माणूस हाय तो! पार्सल नाय!"

हर्षलाने गाडी चालू केली. तिला सासूचा राग आला नाही. सासू बोलली ते खरं होतं आणि त्याचाच तिला राग आला.

कडाव नाक्यावर चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघू लागली. कोणी म्हणालं, वरात निघाली. कोणी शिट्टी घातली. धनेश हात वर करून सगळ्यांना नमस्कार करायचा, जसा काही निवडणुकीला उभा आहे. हर्षला पुढे बघत राहायची. खड्डा आला की मागून त्याचा श्वास ओढला गेलेला तिला मानेवर कळायचा. तो ओरडत मात्र नसे. दुपारपर्यंत प्लॅस्टरच्या आत घाम आणि पाणी एक होऊन अशी खाज सुटायची, की तो झाडाखाली बसून झाडूची काडी आत घालून खाजवायचा, आणि तिला ती काडी धरून ठेवावी लागे.

तिचे स्वतःचे हाल वेगळे. पोरं कुठेही गाडी थांबवून मोकळी होतात. तिने पहिल्या दिवसापासून पाणी पिणं सोडलं. तरी एकदा कळ अनावर झाली, तेव्हा एका बंगल्यात पार्सल देताना तिने विचारलं, "मॅडम, जरा बाथरूम..." मॅडम गोड हसल्या. म्हणाल्या, "अगं, घरात गेस्ट आहेत. वॉचमनला विचार ना, तो दाखवेल." वॉचमनने मागचं करवंदीचं रान दाखवलं. त्या बंगल्याला पाच बाथरूम होती. वॉचमननेच सांगितलं. तो साफ करायचा.

आठवड्यात तिला रस्ते पाठ झाले आणि खांदे आखडले. रात्री धोंडूबाई काही न बोलता तिच्या खांद्यांना तेल लावायची, जोर काढून, दात खात, जणू कोणाचा तरी गळा दाबते आहे.

*

नवरात्राच्या आधीचा शनिवार. जाता जाता पाऊस पुन्हा दोन दिवस लागला होता. भात पोटरीत आलेलं, बांधाबांधावर लोक चिंतेने उभे. सकाळी हबवर किरणने सगळ्या पोरांच्या मोबाईलवर आलेला निरोप वाचून दाखवला. दसऱ्यापासून पार्सलाचे दोन रुपये कमी. पावसाचा भत्ता बंद.

भिवपुरीकडच्या बाजूचं काम करणारा कमळ्या तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला, "आरं, पेट्रोल वाढलंय का उतरलंय?"

"वरून आलंय," किरण म्हणाला.

"वरून पाऊस पन येतोय. अंगावर घेतो आमी. हे कशाला घ्यायचं?"

पोरं थोडा वेळ बडबडली, शिव्या दिल्या आणि पिशव्या भरून निघाली. हर्षलाही निघाली. शनिवार म्हणजे बंगल्यांचा दिवस, पिशवी फुगलेली.

दुपारी ती दोघं एका नव्या वसाहतीच्या फाटकाशी पोचली. तिथे पाहुण्यांखेरीज कोणाची गाडी आत सोडत नाहीत. फाटकावर धाऊ नावाचा म्हातारा वॉचमन होता, जवळच्याच वाडीतला. त्याने धनेशला आपल्या स्टुलावर बसवलं. हर्षला खोकं डोक्यावर घेऊन चढण चढली. खोक्यात काय होतं कोण जाणे, मान आत गेली. बंगल्यात गाणी चालू होती, गॅलरीत चार-पाच माणसं ग्लास घेऊन बसलेली. तिने खोकं उतरवलं, स्कॅन केलं आणि मोबाईल थरथरला. चेहरा दाखवा.

ती पळत खाली आली. धनेशसमोर मोबाईल धरला. गोल फिरत राहिलं. फाटकाशी रेंज नव्हती.

"वर हाय रेंज," ती धापा टाकत म्हणाली. "त्या वळणाच्या पुढं."

धनेशने धाऊची काठी घेतली, एक पाय टाकला आणि ओल्या सिमेंटवर काठी सरकली. धाऊने त्याला सावरलं. "मी आणतो याला वर," म्हातारा म्हणाला, तेवढ्यात गॅलरीतून हाक आली, "ए, गेट सोडून जाऊ नकोस!" म्हाताऱ्याचे हात तिथेच थांबले.

हर्षलाने पदर खोचला. नवऱ्याकडे पाठ केली, गुडघ्यात वाकली. "या."

"येडी झालीस काय?"

"भाताचे भारे वाहिलेत या पाठीनं. या म्हणते ना!"

त्याने तिच्या गळ्यात हात घातले. ती उठली, एकदा डगमगली आणि चालू लागली. प्लॅस्टरचा पाय पुढे ताठ निघालेला, त्यावरची पिशवी वाऱ्याने फडफडत होती. पावसाची सर आली. तिच्या डोळ्यांत पाणी जात होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. कानाशी धनेश पुटपुटत होता, "उतरव गं मला, बस झालं, जाऊ दे आयडी." एवढ्या दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला होता. गॅलरीतलं गाणं कोणीतरी बंद केलं. हर्षलाने मान वर केली. ग्लास खाली ठेवून एक माणूस मोबाईल दोन्ही हातांनी धरून उभा होता. ती दोघं नीट दिसावीत म्हणून तो कठड्यावरून वाकला होता.

वळणाच्या पुढे तिने धनेशला दगडावर टेकवलं. मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला. मोबाईलवर अक्षरं उमटली : चेहरा सरळ ठेवा. धनेश रडत होता. तिने त्याचे डोळे, नाक आपल्या पदराने पुसले आणि हनुवटी धरून चेहरा सरळ केला. बरोबरची हिरवी खूण आली.

वरून टाळ्या पडल्या.

*

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सगळ्या कर्जतभर होता. मागे बासरी लावलेली आणि वर लिहिलेलं, 'याला म्हणतात खरं प्रेम.' किराणावाल्याने दाखवला, पोरीच्या शाळेतल्या बाईंनी दाखवला. कडावहून धनेशच्या मावसबहिणीचा फोन आला, ती रडत होती. मालकीण दारात येऊन कौतुक करून गेली आणि जाता जाता म्हणाली, "आता पैसे पण येत असतील ना मोबाईलवाले? मग या महिन्यापासून भाड्याचं जरा बघू."

व्हिडिओ कंपनीतही पोचला. सोमवारी सकाळी हबच्या दारात धनेशने तोंड दाखवलं, तर मोबाईलवर लाल पट्टी आली. आयडीचा गैरवापर. खाते बंद.

"मी कोणाला काही बोललो नव्हतो, वहिनी, आईची शपथ," किरण म्हणाला. त्याने चार ठिकाणी फोन लावला. शेवटच्या फोनवर तो नुसता हो सर, हो सर करत राहिला. मग फोनवर हात ठेवून, मान खाली घालून म्हणाला, "ते म्हणतात, व्हिडिओ खूप छान आहे. कंपनीच्या पानावर टाकला तर तुमची हरकत नाही ना?"

हर्षलाने शेजारचं रिकामं खोकं उचललं आणि लाथ मारून शेडच्या दुसऱ्या टोकाला उडवलं.

त्याच आठवड्यात नवरात्राच्या मंडळाचं बोलावणं आलं. मंडळाचे अध्यक्ष योगेंद्रदादा, जमिनींचे व्यवहार करणारे, पांढऱ्या गाडीतले. त्यांना या आदर्श जोडप्याचा सत्कार करायचा होता. धनेश नको म्हणत होता. हर्षला म्हणाली, "जाऊ. माईक असंल ना तिथं?"

माईक होता. गरब्याच्या आधी दोघांना खुर्च्यांवर बसवलं. दादांनी हर्षलाला आपल्या मातीतली सावित्री म्हटलं, आजच्या पोरींनी शिकावं म्हटलं, शाल दिली, नारळ दिला आणि माईक तिच्यापुढे धरून म्हणाले, "दोन शब्द बोला, वहिनी. नवऱ्यावरच्या प्रेमाबद्दल."

हर्षला उठली. माईक तिने स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाली, "ते प्रेम नव्हतं. मोबाईल तोंड मागत व्हता."

काही लोक हसले.

"हसू नका. चौदा रुपयांसाठी उचललं मी यांना. आता बारा देनार हायेत. नवऱ्याला तुमी देव म्हणा नायतर काय म्हणा, बारा रुपयांत कोण कुनाला पाठीवर घेनार? ज्यानं व्हिडिओ काढला त्याचे दोन हात मोकळे व्हते. खाली उतरून एक लावला असता तर आमी सुखानं वर गेलो असतो. त्यानं दोनी हात मोबाईलला लावले. आणि तुमी सगळ्यांनी तो बघितला, पुढं धाडला, रडलात. आयडी बंद झाला आमचा. हे रडं कुनी रडलं?" तिने समोर बघितलं. मागच्या रांगेत कमळ्या आणि हबवरची दोन पोरं उभी होती. "आणि तुमी पन. शिव्या देता आणि बॅगा भरता. मी पन भरली. थू आपल्यावर."

दादांनी हसत हसत माईक काढून घेतला. गरब्याचं गाणं सुरू झालं. हर्षलाने शाल खुर्चीवर टाकली. नारळ तेवढा घेतला. नारळ महाग झाला होता. तिचं बोलणं कोणीच मोबाईलवर घेतलं नव्हतं.

*

दसऱ्याला जोडून सुट्ट्या आल्या. टेंपो नेहमीपेक्षा मोठा आला, बंगल्याबंगल्यातून पार्ट्या होत्या. धनेशचे आधीचे पैसे मागायला हर्षला हबवर गेली, तर शेडच्या बाहेर पोरं ओळीने बसलेली. कोणाच्या पाठीवर पिशवी नव्हती. आत पार्सलं पत्र्याला टेकली होती.

"वहिनी, बसा," कमळ्या सरकला. "आज बॅग भरायची नाय."

ती बसली.

किरण आत-बाहेर करत होता. त्याने विनवलं, मग दरडावलं, मग बदलापूरहून पोरं मागवली. ती दुपारी आली, चार पिशव्या घेऊन गेली आणि संध्याकाळी निम्मी पार्सलं परत घेऊन आली. वसाहतींच्या आतले रस्ते कोणी त्यांना सांगितले नाहीत. जाताना त्यांच्यातला एक जण म्हणाला, "इथं बारा देतायत? आम्हाला पंधरा बोलून आणलं." ते ऐकून बसलेली पोरं उठून उभीच राहिली.

दुसऱ्या दिवशी धोंडूबाई रिक्षातून उतरली. डोक्यावर टोपलं, त्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी. मागून धनेश कुबड्यांवर. किरण म्हणाला, "आजी, इथं बाहेरच्यांना बसता येत नाही." धोंडूबाई म्हणाली, "माझा पोरगा भागीदार हाय कंपनीचा. मी त्याची आय. सरक."

दुपारी किरण हर्षलाला बाजूला घेऊन गेला. त्याचा शर्ट त्या दिवशी चुरगळलेला होता. "वहिनी, तुमचं काम झालं. आयडी मिळाला. तुमच्या स्वतःच्या नावाने. आत्ता सुरू करा. पण आत्ता. ते म्हणतात, तुम्ही उठलात की बाकीची उठतील."

हर्षला थांबली. हेच तर तिला हवं होतं. नवऱ्याला खड्ड्यांतून न्यायला नको, कोणाच्या तोंडाची गरज नको. भाडं थकलं होतं. तिने वळून धनेशकडे बघितलं. तो भाकरी मोडत होता, त्याला काही माहीत नव्हतं.

"आणि दोन रुपये?" तिने विचारलं.

"त्याचं नंतर बघू म्हणतात."

"विमा?"

किरण चुरगळलेला शर्ट सारखा करू लागला.

"मग आयडी पन नंतरच बघू," ती म्हणाली आणि येऊन कमळ्याशेजारी होती तिथे बसली. धनेशला सांगितलं, तेव्हा त्याचा हात थांबला. चेहरा उतरला. मग त्याने अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. "खा. बसायला पन ताकद लागते."

रविवारी संध्याकाळी पार्ट्यांसाठी मागवलेल्या खाण्याच्या पार्सलांमधून कुजल्याचा वास येऊ लागला, वरून किरणला शिव्यांचे फोन येऊ लागले, तेव्हा निरोप आला. दोनातला एक रुपया परत. लांबच्या गावांना पावसाचा भत्ता. हर्षलाचा आयडी तिच्या नावाने. विम्याबद्दल एक अक्षर नाही.

पोरांनी आरडाओरडा केला, एकमेकांना मिठ्या मारल्या. कमळ्याने कुठून तरी गुलाल आणला आणि हर्षलाच्या कपाळाला लावायला हात पुढे केला. "जिंकलो, वहिनी!"

हर्षलाने त्याचा हात मनगटाला धरून थांबवला.

"जिंकलो म्हनू नको रं," ती म्हणाली. "एक रुपाया अजून त्यांच्याकडंच हाय."